विकलं म्हणजे सुटलं का?

तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत विजेवरच्या सायकलींचं एक दुकान आहे. दुकान आपलं म्हणायचं म्हणून. दहा बाय अठराचा गाळा, निम्म्यात विकायच्या चार-पाच सायकली आणि निम्म्यात दुरुस्तीला आलेल्या. पाटीवर कुठल्या मोठ्या कंपनीचं नाव नाही. दोन-तीन ठिकाणांहून माल आणायचा, विकायचा आणि विकलेलं दुरुस्त करायचं, एवढाच धंदा. चालवतो तो चाळिशीच्या आतला पोरगा. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, काही वर्षं पुण्याकडं कंपनीत काढून परत आलेला. त्याच्या वडलांना सगळा बाजार आबा म्हणतो. त्यांनी याच गाळ्यात पस्तीस वर्षं तासावर सायकली भाड्यानं दिल्या आणि पंक्चरी काढल्या. आजही ते दाराशी लाकडी स्टुलावर बसून चाकाचा आऊट काढत असतात. पोराच्या हातात मीटर, बापाच्या हातात स्पोकचा पाना. एकमेकांशी बोलणं कमीच, आणि बोलले तर बहुतेक वादच.

मी तिथला गिऱ्हाईक कसा झालो ते आधी सांगतो. माझं रान गावापासून साडेतीन किलोमीटर, मध्ये एक उभा चढ. पंचावन्न ओलांडल्यावर गुडघ्यांनी तो चढ नको म्हटलं. घरात मोटारसायकल आहे, पण ती थोरल्याच्या बुडाखालून कधी रिकामी होत नाही, आणि लायसनच्या भानगडीत मी आयुष्यात पडलो नाही. पोरगा म्हणाला, "मामा, हिला लायसन लागत न्हाई, पासिंग लागत न्हाई. मोटर २५० वॅटची आणि वेग ताशी २५ च्या आत, तवर सरकारच्या लेखी ही सायकलच." म्हणून घेतली. तीन वर्षं झाली.

यंत्र समजून घ्यायची मला खोड आहे. मागच्या चाकाच्या हबमध्येच मोटर असते. पेडलजवळ एक सेन्सर असतो, पाय फिरला की त्याला कळतं, तो कंट्रोलरला सांगतो आणि कंट्रोलर मोटरला वीज सोडतो. बॅटरी ३६ व्होल्टची, १० अँपिअर-तासाची. गुणाकार केला तर ३६० वॅट-तास, म्हणजे एका युनिटाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त. तेवढ्यावर सपाटीला पाय मारत गेलं तर तीसेक किलोमीटर होतात. चढ आणि मागं खताची पिशवी असली तर कमी. पेट्रोलनं शंभरी ओलांडल्यापासून हा हिशेब बायकाही चुलीपुढं बसून करतात. दहावीपर्यंत शिकलेल्याला तो अवघड नाही.

माझी सायकल बिघडते कमी, पण हवा-पाणी, ब्रेकची वायर असल्या कारणानं महिन्यातनं दोनदा तिकडं जाणं होतं. गेलं की चहा, आणि चहा झाला की तास-दीड तास बसणं. असं बसून बसून माझ्या डोक्यात एक प्रश्न शिरला आणि तो काही निघेना. एखाद्यानं वस्तू विकली, पैसे मोजून घेतले, गिऱ्हाईक वस्तू घेऊन गेलं. विकणारा सुटला का? आणि सुटला नसेल, तर कुठवर बांधलेला आहे?

आमच्या भागात हा प्रश्न पहिल्यांदा पडतो तो बैलबाजारात. खरसुंडीच्या यात्रेला खिलार जनावरांचा बाजार भरतो. लहानपणी वडलांच्या मागनं मी तिथं हिंडलोय. रुमालाखाली हात घालून बोटं धरून भाव ठरायचा, बाजूच्याला पत्ता लागायचा नाही. एकदा दावं दुसऱ्याच्या हातात गेलं की संपलं. बैल मारका निघो, उन्हात बसणारा निघो, ते घेणाऱ्याचं नशीब. तरीपण चांगली माणसं खोड सांगून विकायची. आमच्या एका बैलाला पाण्याचं भ्या होतं, ओढा आला की चारी पाय रोवून उभा राहायचा. वडलांनी ते सांगितलं आणि शंभर रुपये कमी घेतले. आईनं घरी आल्यावर त्यांना जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

पण बैलाच्या सौद्यात एक गोष्ट होती. दात दोघांनाही मोजता यायचे. विकणारा शेतकरी आणि घेणाराही शेतकरीच. दोघांचंही आयुष्य बैलाच्या शेपटीमागं गेलेलं. फसला तर तो घाईनं फसला किंवा लोभानं फसला, अडाणीपणानं नाही. म्हणून सौदा झाल्यावर विकणारा मोकळा झाला तरी त्यात अन्याय वाटायचा नाही. सायकलच्या बॅटरीचं तसं नाही. काळं खोकं, चारी बाजूंनी बंद, वर एक चिठ्ठी. त्याचे दात फक्त विकणाऱ्याला मोजता येतात. घेणारा डोळे झाकून घेतो. जे मला दिसत नाही आणि त्याला दिसतं, तेवढ्यापुरता तो बांधलेला राहतो, असं मला वाटतं. पैसे मिळाले म्हणून ती गाठ सुटत नाही.

दुसरी एक रीत मी पाहिली आहे, ती बलुत्याची. सुतार नांगर, कुळव, तिफण करून द्यायचा. त्याचे दर वस्तूला दर असे पैसे नसायचे. सुगीला खळ्यावरनं त्याचं बलुतं जायचं आणि त्या धान्यात वर्षाची सगळी दुरुस्ती यायची. रुमणं मोडलं, सुतार. दांडी फुटली, सुतार. यात एक गंमत आहे. अवजार जितकं कमी मोडेल तितका सुताराचा फायदा, कारण मोडलं तरी धान्य तेवढंच मिळायचं. त्याचं पोट न मोडण्यावर होतं. आजच्या दुरुस्तीवाल्याचं पोट मोडण्यावर आहे. आता कुणी म्हणेल, मग ती रीतच चांगली होती. म्हणणाऱ्यानं सुताराच्या पोराला विचारावं. खळ्याच्या कडेला पाटी घेऊन उभं राहायचं, कुणबी मनाला येईल तेवढं माप ओतणार, आणि ते घेऊन गुमान जायचं. कितीही हुशार असला तरी त्यानं तेच करायचं आणि त्याच गावात करायचं. आमच्या वर्गात असा एक होता, गणितात माझ्या चौपट. तेव्हा ती रीत परत यावी असं मी म्हणत नाही. तिच्यातली एक गोष्ट मात्र विसरू नये म्हणतो. करून देणारा आणि सांभाळणारा एकच असायचा, आणि रोज तोंडापुढं असायचा.

आता जी गोष्ट घडली ती सांगतो. तिच्यामुळंच हे सगळं लिहायला बसलो.

शेजारच्या वाडीचा एक दूधवाला आहे. पहाटे आणि संध्याकाळी वाडी-वस्तीवरनं दूध गोळा करून डेअरीला घालतो. त्यानं याच दुकानातनं सायकल घेतलेली, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवायच्या कड्या आबांनीच वेल्डिंग करून दिलेल्या. गेल्या पावसाळ्यात ओढ्याच्या फरशीवरनं जाताना सायकल पाण्यात आडवी झाली. दूध गेलं ते गेलं, बॅटरीतही पाणी शिरलं. त्यानं दोन दिवस उन्हात वाळवून चार्जिंगला लावली, चालेना. तेव्हा दुकानात आणली. मी तिथंच होतो.

पोरानं खोकं उघडलं. आत पेन्सिल सेलपेक्षा जाड असे सेल, अठरा मिलिमीटर जाडीचे आणि पासष्ट लांबीचे. एका रांगेत चार, अशा दहा रांगा. पूर्ण भरल्यावर एका रांगेत ४.२ व्होल्ट, दहा रांगांचे मिळून ४२. त्यावर एक सर्किट असतं, ते राखणदारासारखं प्रत्येक रांगेवर नजर ठेवतं. राखणदाराला हिरवा कीट चढला होता. मीटर लावलं तर आठ रांगा ठीक, दोन रांगा एका व्होल्टच्याही खाली.

दूधवाला म्हणाला, "दोनच रांगा गेल्यात न्हवं? मग आठ सेल बदल आन् दे."

"न्हाई करत."

"का? सेल मिळत न्हाईत?"

"मिळत्यात. पण न्हाई करत. नवीन बॅटरी घ्या. साडेअकरा हजाराला पडंल."

दूधवाल्याच्या तोंडाकडं बघवेना. डेअरीचं बिल दहा दिवसांनी येतं, त्यातनं पेंडीचे पैसे आधीच कापलेले असतात. साडेअकरा हजार म्हणजे त्याला डोंगर. आणि आठ सेलांचे हजारभर रुपये त्याला जमण्यासारखे. तो गयावया करायला लागला, मग चिडला. शेवटी म्हणाला, "मी कागद लिहून देतो. काय झालं तर जबाबदारी माझी. ह्या मामांची सही घे."

पोरगा म्हणाला, "दादा, तुमी ही चार्जिंगला लावता कुठं?"

"गोठ्यात. दुसरीकडं बोर्ड हाय कुठं?"

"गोठ्यात कडबा हाय. म्हशी हायत्या. पलीकडच्या खोलीत पोरं झोपत्यात. कागदावर सही तुमची. पोरांची कुठं घेऊ?"

त्यानं मला नंतर नीट समजावलं ते असं. जुन्या रांगांमध्ये नवीन सेल घातले की त्यांची भूक सारखी राहत नाही. चार्ज करताना दुबळी रांग आधी भरते, तरी बाकीच्यांसाठी वीज येतच राहते. राखणदार शाबूत असेल तर तो वीज तोडतो. इथं राखणदारच पाण्यात गेलेला. आणि ज्या आठ रांगा बऱ्या दिसत होत्या त्यांच्यातही पाणी कुठं काय करून बसलंय ते मीटर सांगत नाही. लिथियमचा सेल तापला की आतलं पातळ रसायनच पेट घेतं, एक पेटला की शेजारचा पेटतो. सेलला साधा टाका मारायचा तर तेवढ्या उष्णतेनंही तो बिघडतो, त्याला स्पॉट वेल्डिंगचं मशीन लागतं. हे सगळं खरं. त्याच्या ज्ञानावर मला शंका नाही.

पण शेतकऱ्याच्या बाजूनंही विचार केला पाहिजे. आम्ही धोका पत्करूनच जगतो. रात्री दोनला लाईट येते म्हणून अनवाणी पाण्यात उभं राहून मोटारीचा स्टार्टर दाबतो. विषारी औषध फवारतो, तोंडाला फडकं बांधून. विहिरीत उतरतो. तेव्हा कोणी म्हणत नाही की तुझी पोरं आहेत, उतरू नको. मग या एका पोरानंच का अडवावं? माझी वस्तू, माझं घर, माझा जीव, दुरुस्त कर म्हणतोय तर कर. पोटापुढं एवढाही हक्क गरिबाला नाही का?

आणि याहून टोचणारी एक बाब. दूधवाल्यापुढं दोन वाटा नव्हत्याच. नवीन बॅटरी की जुनी दुरुस्ती, असा प्रश्न त्याला नव्हता. या दुकानात दुरुस्ती की दुसऱ्या कुठल्या हलक्या दुकानात दुरुस्ती, एवढाच होता. इथं नाही म्हटलं तर तो रेडिओ-मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडं जाणार, आणि तो सोल्डरनं टाके मारून देणार. म्हणजे याचं नाही म्हणणं पोरांना वाचवत नव्हतं. फक्त याचे हात स्वच्छ राहत होते. चांगल्या माणसांचं बऱ्याच वेळा असं होतं, ते आपल्यापुरतं पाप टाळतात आणि ते पुढच्याच्या दारात जाऊन पडतं.

मी हे पोराला तोंडावर बोललो. तो गप्प बसला. आबा स्टुलावरनं म्हणाले, "मामा बोलत्यात त्यात चूक काय हाय?"

मग पोरानं जे केलं ते पाहून मला माझ्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर मिळालं. दुकानातली जी सायकल गिऱ्हाइकाला चालवून दाखवायला ठेवलेली असते, तिची बॅटरी त्यानं काढली आणि दूधवाल्याच्या सायकलला बसवली. नवीन बॅटरी पुण्याहून यायला पंधरा दिवस लागणार होते, तोवर ही वापरा म्हणाला. आणि नवीन आल्यावर पैसे दहा दिवसांच्या बिलाला पाचशे, पाचशे. वही काढून लिहिलं. म्हशी आटल्या तर त्या महिन्यात नाही दिले तरी चालतील, असंही म्हणाला. हे म्हणताना आबा पोराकडं न बघता चाक फिरवत होते, पण पाना थांबला होता.

नाही म्हणायचा हक्क दुकानदाराला आहे, यात मला आता शंका वाटत नाही. जे काम करून माणूस मरू शकतं ते गिऱ्हाइकानं कितीही गळ घातली तरी करू नये. पण ते नाही फुकट नसतं. नाही म्हणून दार लावून घेतलं तर ते अर्धंच काम झालं. ज्याला नाही म्हटलं तो आता कुठं जाणार, याचा विचार नाही म्हणणाऱ्याच्या डोक्यावर येतो. या पोराला त्याच्यासाठी किती पडलं? एक बॅटरी पंधरा दिवस, आणि साडेअकरा हजार रुपये जवळजवळ आठ महिने अडकून. लहान दुकानाला ते थोडं नाही.

काही कॉलेजची पोरं वेग वाढवून मागायला येतात, २५ चा लगाम काढ म्हणतात. त्यांनाही तो नाही म्हणतो, आणि तिथं त्याला पुढचं काही देणं लागत नाही. पोरांनी एस.टी.नं जावं. तेव्हा नाही-नाहीतही फरक आहे.

मी त्याला विचारलं, "हे असं सगळ्यांना करशील का?"

म्हणाला, "न्हाई. परवडंल का मला? ह्यांना मी विकलीया म्हणून केलं."

इथं दुसरा प्रश्न उभा राहतो आणि बाप-लेकाचा खरा वाद इथंच आहे. एक अंगणवाडीतली मदतनीस ताई आहे. तिनं फोनवरनं सायकल मागवली, दुकानापेक्षा पाच हजारांनी स्वस्त. खोक्यातनं आली, भाच्यानं जोडून दिली. वर्ष-सव्वा वर्षानं बंद पडली. कंपनीच्या नंबरला फोन लावला की गाणं वाजायचं, माणूस बोलायचा नाही. ती सायकल ढकलत या दुकानात आली. कंट्रोलर गेलेला. त्याचे कनेक्टर जगावेगळे, दुसरा बसू नये अशीच रचना. पोरगा म्हणाला, "ताई, ठिवून जा. माझी गिऱ्हाइकं झाली की बघतो." तिची पाळी अकराव्या दिवशी आली. अकरा दिवस ती वडापनं गेली-आली, मानधनाच्या मानानं तो खर्च केवढा ते तिलाच माहीत.

आबांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, दारात मोडलेली सायकल आली की ती कुणी विकली ते विचारायचं नाही. "पस्तीस वर्षं पंक्चरी काढल्या. कंपनी बघून काढल्या का मी?" पोरगा म्हणतो, पंक्चरला दहा मिनिटं लागतात आणि सोल्युशनची एकच ट्यूब सगळ्यांना चालते. इथं एकेका कंपनीचं वायरिंग उकलायला दोन-दोन दिवस जातात. ज्यांनी माझ्यावर विसंबून पाच हजार जास्त दिले त्यांनी का थांबावं?

दोघांचंही मी ऐकलं. रांगेच्या बाबतीत मी पोराच्या बाजूचा. फोनवरची सायकल पाच हजारांनी स्वस्त का, तर दुरुस्तीचा भार तिनं कुणा दुसऱ्याच्या गळ्यात टाकलेला असतो. विकणारा तिकडं लांब, न दिसणारा, आणि मोडलेली वस्तू इथल्या गाळ्यात. गाळेवाल्यानं ती आपल्या गिऱ्हाइकाच्या आधी दुरुस्त करायची म्हणजे सुटलेल्याला बक्षीस आणि बांधून घेतलेल्याला दंड. असं चाललं तर बांधून घेणारा एकही उरणार नाही. पण त्या ताईला हे सांगायची माझी तरी हिंमत नाही. पाच हजार तिनं चैनीसाठी वाचवले नव्हते. आबा तिच्या सायकलचं मागचं चाक त्या अकरा दिवसांत न सांगता सरळ करून ठेवत होते, ते मी पाहिलं आहे. पोरानं शेवटी सगळीकडं चालणारा साधा कंट्रोलर बसवला, "वरचा आकड्यांचा डिस्प्ले आता चालणार न्हाई" हे आधी सांगितलं, आणि मजुरी आपल्या गिऱ्हाइकांइतकीच घेतली.

सायकलच्या दुकानाला हलकं समजणाऱ्यांसाठी एक सांगतो. आमच्या भागातली किर्लोस्करवाडी सगळ्यांना माहीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो कारखाना १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर उभा केला. त्याआधी १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात जे दुकान काढलं, ते सायकलींचं. पुढं ते लोखंडी नांगराकडं वळले तेव्हा शेतकरी घेईनात. लोखंडानं जमीन नासते, तिच्यात विष उतरतं, असं आमचेच वाडवडील म्हणायचे. मी तो नांगर धरला आहे, आमच्या वडलांनी धरला आहे. अडाणी होते म्हणून आजोबा-पणजोबांना हसणं सोपं आहे. पण मला वाटतं त्यांची भीती लोखंडाची तेवढी नव्हती. लाकडी नांगर मोडला तर सुतार दारात होता. हा मोडला तर कोण, हे त्यांना कळत नसणार. नवीन वस्तू बाजारात येते तेव्हा गिऱ्हाईक वस्तूपेक्षा तिच्यामागं कोण उभा आहे ते बघतं. आजही तेच बघतं. आमच्या गावात आज नऊ विजेच्या सायकली आहेत, त्यातल्या सात या गाळ्यातल्या, फोनपेक्षा महाग असून.

मेलेल्या बॅटऱ्यांचंही त्याला जड जातं. २०२२ साली केंद्र सरकारनं बॅटरीच्या कचऱ्याचे नियम केले. त्यात वापरून संपलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या-विकणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. नियम चांगला आहे. पण तालुक्याच्या गावातल्या पंधरा-सोळा बॅटऱ्यांसाठी कोण गाडी पाठवणार? भंगारवाला मागतो, पोरगा देत नाही, कारण तो घण घालून फोडणार. गाळ्याच्या मागं पत्र्याचा पिंप आहे, त्यात वाळू, वाळूत या बॅटऱ्या पुरलेल्या. दूधवाल्याची तीही तिथंच आहे. विकलेल्या वस्तूशी विकणाऱ्याचं नातं कुठवर, तर मेल्यावर मातीपर्यंत, असं मी थट्टेनं म्हटलं. पोराला हसू आलं नाही. पिंप भरत आलाय, म्हणाला.

आता शेवटचं, आणि हे माझ्या सगळ्या बोलण्याच्या आड येतं. दूधवाल्याच्या शेजारी त्याचाच चुलतभाऊ. त्याचीही सायकल याच दुकानातली, त्याचीही बॅटरी उन्हाळ्यात बसली. तो इथं आलाच नाही. बाजारच्या गावात एकानं बॅटऱ्या खोलून द्यायचं नवीन दुकान काढलंय, तिथं नऊशे रुपयांत सेल बदलून घेतले. चार महिने झाले. सायकल चालते. काही पेटलं नाही, काही फुटलं नाही. तो दूधवाल्याला हसतो, "साडेअकरा हजार घातलास, मी नऊशेत भागवलं." दूधवाला पुढच्या खेपेला हप्ता द्यायला आला तो जरा घुश्श्यातच.

गेल्या सोमवारी बाजारच्या दिवशी तो चुलतभाऊ दुकानात आला होता. ब्रेकचे रबर घ्यायला. पोरानं ओळखलं. मला वाटलं काहीतरी लागट बोलणार. तो म्हणाला, "बॅटरी बगू जरा." रात्रभर चार्ज करून आणलेली होती. मीटर लावलं. ४२ यायला पाहिजेत तिथं ३९ च्या थोडं वर आले.

"एक रांग लवकर भरतीया," पोरगा म्हणाला, "ती भरली की सर्किट वीज तोडतंय, बाकीच्या उपाशी राहत्यात. सर्किट हाय तवर हाय."

"मग? चालतीया की."

"चालतीया. लावता कुठं चार्जिंगला?"

"घरात. टीव्हीच्या मागं."

"तिथं न्हाई. वायर वाढवून अंगणात घ्या, दगडावर ठेवून. पाऊस असला तर लावू नका. दिवसा लावायची, घरात कुणीतरी जागं असताना. हाताला चटका लागाय लागला की काढायची आन् पुन्हा लावायची न्हाई. महिन्याला दाखवून जावा. पैसे लागत न्हाईत."

पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तारीख आणि मीटरचा आकडा लिहून त्यानं तो त्याच्या हातात दिला. चुलतभावानं तो वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि ब्रेकच्या रबरांचे साठ रुपये काढून दिले. आबांनी स्टुलावर बसल्या बसल्या विचारलं, "अंगणात बोर्ड हाय का रं? नसला तर सांग, वायर इथनं घेऊन जा."

तो म्हणाला, बघतो, आणि गेला.